भेटीची सुट्टी

ओट्यावरच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि फरशीवर पडला. चहाचा एवढासा चमचा, पण दुपारच्या त्या चिडीचूप घरात तो असा वाजला की कुणीतरी भांड्यांची मांडणीच पालथी केलीय असं वाटावं. ती होती तिथेच थांबली. एक हात लॅपटॉपवर, सगळा जीव कानात. आतल्या खोलीत मिरी नुकती झोपली होती. तिच्या या आईच्या हिशेबात 'मिरी झोपली' याचा अर्थ 'आता माझं काम सुरू' असा होता, आणि तो अर्थ कधी बदलेल याचा नेम नसायचा.

आत गादी कुरकुरली. कूस बदलल्याचा एक सुस्कारा आला. मग पुन्हा शांत.

"देवा, आजचा दिवस तेवढा सांभाळ," ती पुटपुटली आणि तिने इअरफोन कानात घातले.

मिरी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा दाण्याएवढी होती आणि रडली की घर हलवायची, म्हणून सासूबाईंनी तिला मिरी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच चिकटलं. मिरीची आई एका छोट्या संशोधन संस्थेत कामाला होती. कुणाला काही जाणून घ्यायचं असलं की ते संस्थेला काम देत; संस्था माणसं मोजी, माणसांशी बोले, आणि शेवटी अहवाल देई. मोजायचं काम एका सहकाऱ्याकडे, बोलायचं हिच्याकडे. सहकाऱ्याला सगळी कचेरी टक्केसाहेब म्हणायची, कारण डब्यात किती पोळ्या उरल्या हेही ते टक्क्यांत सांगायचे. पाठीमागे म्हणत होते, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता ते फोन उचलूनही "बोला, टक्के बोलतोय," असं म्हणायचे.

आत्ताचं काम कपडे शिवण्याच्या एका कारखान्याचं होतं. तिथे बायकांच्या मुलांसाठी आवारातच पाळणाघर होतं आणि रोज दुपारी आयांना वीस मिनिटांची जास्तीची सुट्टी मिळायची, मुलांना भेटून यायला. भेटीची सुट्टी म्हणायचे तिला. व्यवस्थापकाला ती बंद करायची होती. पण एकदम बंद केली तर बायका तोंड सोडतील, म्हणून त्याला आधी कागद हवा होता. ही सुट्टी लागते की लागत नाही, एवढंच सांगा म्हणाला.

टक्केसाहेबांनी त्यांच्या पद्धतीने सांगून टाकलं होतं. पाळणाघराच्या दारात हातात मोजणीचं बटण देऊन एक मुलगी बसवली, आई आत आली की बटण दाबायचं. शिवाय एक प्रश्नावली वाटली; हसरा चेहरा, मधला चेहरा, रडका चेहरा, त्यांतल्या एकावर खूण करायची.

"सात टक्के," त्यांनी कचेरीत टेबलावर कागद ठेवला होता. "शंभरातल्या सात जणी मुलाला भेटायला येतात. बाकीच्या सुट्टी घेऊन उठतात, पण दारापर्यंत पोचतच नाहीत. सुपरवायझर म्हणतो, कुठेतरी चकाट्या पिटतात."

"का पोचत नाहीत?"

"का?" टक्केसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "का असा रकाना नव्हता."

"आणि चेहरे?"

"सगळे हसरे. एकूण एक."

"गोळा कुणी केले?"

"सुपरवायझरने."

"मग हसरेच येणार! त्याच्या हातात कोण रडका चेहरा देईल?"

"अहो, चिडता कशाला? तुमच्यासारख्या गप्पा मारत बसलो तर या जन्मात अहवाल व्हायचा नाही. तुम्ही दहा-बारा बायकांशी बोलणार, त्यावरून चारशे जणींचं काय ते ठरवणार. त्याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात."

"भात शिजलाय की नाही हे शितावरूनच कळतं. मोजत बसून नाही कळत."

मोठ्या मॅडमनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, चष्मा कपाळावर चढवून दोघांकडे पाहिलं आणि भांडण मिटवायचं म्हणून तिला थोड्या मुलाखती घ्यायची परवानगी दिली. "पण सोमवारी दोन्ही हवंय मला. आकडे आणि बोलणं, दोन्ही एकाच अहवालात."

तर आज शनिवार होता, चमचा पडून गेला होता, सासूबाई शेजारी गेल्या होत्या, नवरा कामावर होता, आणि ती त्या मुलाखती पुन्हा ऐकून शब्द न् शब्द उतरवून घेत होती. खरं तर अहवालाचा तिचा भाग तयारच होता. त्याचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता. कॉलर लावणाऱ्या एका बाईने म्हटलेलं वाक्य, तिने अवतरणात टाकलं होतं: 'एकदा सकाळी रडायचं, पुन्हा दुपारी रडायचं, त्यापेक्षा नकोच भेटणं.' हे वाक्य सापडलं त्या दिवशी ती घरी जवळजवळ उड्या मारत आली होती. हाच तो टक्केसाहेबांच्या कागदावर नसलेला रकाना! बायका येत नाहीत ते भेट नकोशी म्हणून नव्हे, निघणं नकोसं म्हणून.

तिला ते पटकन पटलं होतं यालाही कारण होतं. पहिल्यांदा मिरीला सासूबाईंवर सोपवून कामावर जाऊ लागली तेव्हा ती रोज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करायची. चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "तू फोन करत जाऊ नकोस गं. तू दिसतेस नि जातेस. तुझी दोन मिनिटं होतात, मग माझा तास जातो तिला गप्प करण्यात." तिने फोन बंद केला. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तिचा हात खिशातल्या फोनकडे जायचा आणि नुसताच परत यायचा.

तिने कॉलरवालीची ध्वनिफीत लावली. कॅन्टीनचा कोपरा, मागे यंत्रांची घरघर, मग तिचा स्वतःचा आवाज.

"तुम्ही दुपारी बाळाला भेटायला जाता?"

"नाही."

"का नाही जात?"

घरघर. कपबशीचा आवाज. "असंच."

"म्हणजे भेटून परत निघताना बाळ रडतं, आपलाही जीव तुटतो, म्हणून का?"

"हं… हो."

"एकदा सकाळी रडायचं, पुन्हा दुपारी रडायचं, त्यापेक्षा नकोच भेटणं, असंच ना?"

"हो ना."

तिने फीत थांबवली. मागे नेली. पुन्हा ऐकली. 'असंच ना?' हा आवाज कॉलरवालीचा नव्हता. त्यात शंकेला जागाच नव्हती. शब्द न् शब्द तिचा स्वतःचा होता, आणि कॉलरवालीचं काय होतं, तर एक 'हं', एक 'हो' आणि एक 'हो ना'.

तिने दुसरी फीत लावली, तिसरी लावली. सगळीकडे तेच. बाई तोंड उघडायच्या आत ही वाक्य सुरू करायची, आणि बाईने पुरं करायच्या आत हीच पुरं करायची. इतकी कळवळून बोलत होती, इतकी समजून घेत होती, की समोरच्या बाईला मान हलवण्यापलीकडे काही कामच उरलं नव्हतं. एका मुलाखतीत तर ती चक्क म्हणत होती, "मला कळतं हो, माझीही लेक लहान आहे," आणि समोरची बाई म्हणत होती, "हो का? किती वर्षांची?" आणि मग पाच मिनिटं मिरीचंच कौतुक. संस्थेच्या पैशाने, संस्थेच्या यंत्रावर, अकरा बायकांसमोर तिने स्वतःची मुलाखत घेतली होती!

सुपरवायझरच्या भीतीने बायकांनी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली, म्हणून ती टक्केसाहेबांना हसली होती. हिच्यासमोर बायकांनी केलं ते काय वेगळं होतं? इथे भीतीऐवजी भीड होती, एवढंच.

"आई!" आतून हाक आली. "चमचा कुणी पाडला?"

"झोप झाली का गं माझ्या बाळाची?" तिने इअरफोन ओढून काढले. चमचा पडून पाऊण तास झाला होता. पोरीने झोपेतही नोंद ठेवली होती. निदान या घरात कुणाची तरी नोंद बरोबर होती.

सोमवारी तिने टक्केसाहेबांना खरं ते सांगून टाकलं. ते हसतील म्हणून ती दात-ओठ घट्ट आवळून उभी राहिली होती. ते हसले नाहीत. डब्याचं झाकण लावत म्हणाले, "आमच्यात याला मापाची चूक म्हणतात. काटाच एका बाजूला कललेला. होतं हो. माझ्याही सात टक्क्यांवर माझा फारसा भरवसा नाही. चारशे बायकांत एक रडका चेहरा नाही? माझ्या घरी चार माणसं आहेत, रोज दोन रडके असतात."

"मग दिलात कशाला आकडा?"

"मागितला म्हणून. तुम्हाला अजून दोन दिवस हवेत? मी मॅडमना सांगतो, माझी आकडेमोड राहिलीय म्हणून. माझ्या नावावर उशीर खपतो, तुमच्या नावावर नाही खपत."

ती पुन्हा कारखान्यात गेली. या वेळी तिने कुणाला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. जिभेला कुलूप. पाळणाघरातल्या मावशींना विचारून ती कोपऱ्यात एका बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसली.

खोली लांबट होती. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला भली मोठी खिडकी, तिच्या खालच्या काचांना पांढरा रंग फासलेला, वरची एक पट्टी तेवढी मोकळी. मुलं जेवून निवांत होती. सुट्टी तुकड्यातुकड्यांनी व्हायची; पहिल्या तुकडीची घंटा झाली. दारातून दोन आया आल्या, आपापल्या मुलांना उचलून भिंतीशी बसल्या. बास. म्हणजे टक्केसाहेबांचं काही चुकत नव्हतं, दारातून खरंच फारसं कोणी येत नव्हतं.

मग मावशी उठल्या आणि सहज झाडायला काढावी तशी सतरंजी ओढून खिडकीसमोर सरकवली. "चला रे, ठोकळे इथे. उजेड आहे," म्हणाल्या. मुलं ठोकळ्यांमागे गेली.

आणि खिडकीच्या त्या वरच्या पट्टीत डोळे उगवले. आधी दोन, मग चार, मग पट्टीभर. हनुवट्या रंगाच्या मागे, कपाळावर दोऱ्याचे धागे चिकटलेले, आणि डोळे खाली, सतरंजीवर. कोणी बोलत नव्हतं. थोड्या वेळाने काही डोळे खाली गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. रांग असावी बाहेर. एकाही मुलाने वर पाहिलं नाही. मावशी मात्र मध्येच एखाद्या पोराला उचलून दुसऱ्या अंगाला बसवत होत्या, आता याची आई आली असेल, असं घड्याळ त्यांच्या डोक्यात चालू असल्यासारखं.

ती बाहेर पडून खोलीच्या मागे वळली. खिडकीमागे गोदामाची अरुंद गल्ली होती, तिथे जायला बंदी असल्याची पाटी होती, आणि पाटीखाली कापडाच्या गठ्ठ्यांवर फळ्या टाकून बायका टाचा उंचावून उभ्या होत्या. तिला पाहताच निम्म्या पांगल्या. एकटी काजवाली फळीवरून उतरून भिंतीला टेकली. तीही अकरांतलीच एक, शर्टाला काजं करणारी.

"पकडलंत म्हणायचं," काजवाली म्हणाली.

तिने नुसती मान हलवली.

"विचारा की. त्या दिवशी तर आम्हाला बोलूच देत नव्हतात."

"मग त्या दिवशी तसं म्हणायचं ना," तिला राहवलं नाही.

"कसं म्हणणार? तुमच्याच मनात इतकं साचलेलं होतं. म्हटलं, बोलू दे बिचारीला, हलकी होईल."

ती शेजारच्या गठ्ठ्यावर बसली. काजवालीने बोटाला गुंडाळलेली चिंधी सोडली, पुन्हा गुंडाळली. आणि स्वतःच बोलू लागली.

"माझा नाही रडत. तुम्ही म्हणालात तसं काही नाही आमच्यात. पण मी आत गेले ना, की तो लगेच माझा होतो. चिकटतो, कुरकुरतो, हे दे, ते दे. बाहेरून बघितला की तो आपला आपण असतो. मघाशी बघितलंत? त्या बारक्या पोरीची चप्पल घालून देत होता. घरी स्वतःची घालत नाही! कुठे शिकला कुणास ठाऊक. मला तो तसा बघायचा असतो. मी नसताना कसा आहे ते." तिने बायका पांगल्या त्या दिशेला पाहिलं. "दुसरीचं दुसरं असेल. कुणाचं रडतही असेल. कुणाला नुसतं मोजायचं असतं, आपलं आहे ना जागेवर म्हणून. प्रत्येकीचं वेगळं. पण वीस मिनिटं पाहिजेत, बाई. ती काढून घेतली तर…" पुढे ती बोलली नाही, आणि या वेळी हिनेही ते पुरं केलं नाही.

"हे लिहू?"

"हे लिहा. खिडकी नका लिहू. इथे सापडलो तर पगार कापतात, आणि उद्या वरच्या काचेलाही रंग फासतील."

"पण खिडकीशिवाय हे कसं लिहिणार?"

"ते तुमचं शिक्षण," काजवाली म्हणाली आणि घंटा झाली म्हणून पळाली.

परतताना ती स्वतःशीच चरफडत होती. अख्ख्या कामात पहिल्यांदा खरं काही हाती लागलं होतं आणि तेच तोंडात धरून ठेवायचं होतं. टक्केसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी खिडकीशी दुसरी मुलगी बसवली असती, सातचे साठ झाले असते, व्यवस्थापकाचं तोंड बंद झालं असतं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीही बंद झाली असती. मोजावं तर जातं, न मोजावं तर नव्हतंच असं ठरतं.

बैठकीत तिने शब्द दिल्याप्रमाणे खिडकी वगळली. तिच्या भागात उरलं ते असं की सुट्टी बायकांना हवी आहे, कारणं प्रत्येकीची वेगळी आहेत, आणि दारातल्या आकड्यावरून गरज ठरवू नये. लिहितानाच तिला ते पुळचट वाटलं होतं, वाचताना त्याहून पुळचट वाटलं.

"हवी आहे, हे कशावरून?" व्यवस्थापकाने विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. तिच्यापुढे स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला सरकवला होता त्याने.

"बोलण्यावरून."

"बोलण्याचं काय हो, विचारलं तर मलाही दुपारी झोप हवीच आहे."

टक्केसाहेब खाकरले. "साहेब, एक सांगतो. सात टक्क्यांवर मी सही केलीय, पण ते दाराचं मोजमाप आहे, गरजेचं नाही. पाहिजे तर थोडे दिवस थांबून पुन्हा मोजावं."

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या मॅडमनी मान डोलावली. व्यवस्थापकाने थोडा विचार केला.

"ठीक आहे. तीन महिने सुट्टी चालू राहील. रोज दारात मोजा. निम्म्या बायका आत आल्या तर कायम करतो, माझा शब्द. नाही आल्या तर मात्र पुन्हा हे बोलणं नको."

त्या दिवशी ती घरी आली ती वाऱ्यावर स्वार होऊन. मिरीला कडेवर घेऊन तिने तीन गिरक्या घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, "पगार वाढला वाटतं."

"नाही हो आई, सुट्टी वाचली. चारशे बायकांची."

"बरं झालं. आता तुझी कधी वाचते ते बघ," सासूबाई म्हणाल्या, पण हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती बातमी द्यायला स्वतः गेली. काजवालीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा काही उजळला नाही.

"म्हणजे आता दारातून जायचं," ती म्हणाली.

"हो, फक्त तेवढंच. दारातून गेलात की मोजलं जाईल, मोजलं गेलं की सुट्टी कायमची…" आणि बोलता बोलताच ती थांबली. आपण काय सांगतोय ते तिला आपल्याच तोंडून ऐकल्यावर कळलं.

"बघू," काजवाली म्हणाली. "सुट्टी तर पाहिजे."

नंतरच्या आठवड्यात ती पाळणाघराच्या आवारात शिरली तेव्हा आवाज फाटकापासूनच येत होता. आधी तिला वाटलं यंत्र बिघडलंय. मग ते रडणं आहे हे कळलं. एका मुलाचं नव्हे, खोलीभर मुलांचं, एकाचं थांबेपर्यंत दुसऱ्याचं सुरू झालेलं. दारात टक्केसाहेब स्वतः बटण घेऊन बसले होते. तिला पाहून त्यांनी हातातला आकडा पुढे केला. आकडा निम्म्याच्या कितीतरी वर गेला होता. त्यांचं तोंड मात्र असं झालं होतं, की समोर तीन चेहरे ठेवले असते तर खूण कुठे पडली असती हे सांगायला नको.

"रोज असंच?" तिने विचारलं.

"काय?"

"रोज असंच का, म्हटलं!"

"रोज!" ते ओरडले. "आत येतात, पाच मिनिटं घेतात, मग सोडवत नाही. पोरांना आता घंटेची भीती बसलीय. घंटा झाली की आधीच रडायला लागतात." त्यांनी बटणाकडे पाहिलं. "याच्यावर फक्त आत येणं मोजता येतं. बाहेर पडणं नाही."

आतून काजवाली निघाली होती. तिचा मुलगा तिच्या पायाला विळखा घालून लोंबकळत होता, तोच, परक्या पोरीला चप्पल घालून देणारा. मावशी एकेक बोट सोडवत होत्या. त्याचा चेहरा लालभडक, आवाज फुटलेला. ती बारकी पोरगी बाजूला एका पायात चप्पल घालून उभी होती आणि त्याच्याकडे बघून तीही रडत होती. खिडकीसमोर सतरंजी नव्हती. वरच्या पट्टीत कोणी नव्हतं. नुसतं ऊन होतं.

काजवाली दारापाशी आली. डोळे कोरडे होते. टक्केसाहेबांकडे बघत म्हणाली, "मोजलंत ना मला?"

"हो."

"चुकवू नका हां," ती म्हणाली, आणि हिच्याकडे न बघता तशीच निघून गेली. एक शिवी दिली असती तर हिला बरं वाटलं असतं.

तिथून ती तडक संस्थेच्या कचेरीत गेली आणि मोठ्या मॅडमसमोर उभी राहिली. आकड्याखाली चार ओळी लिहायच्या आहेत म्हणाली. मुलं रडतायत, पूर्वी रडत नव्हती, आपल्या मोजण्यामुळे रडतायत.

"पूर्वी रडत नव्हती हे कशावरून?"

तिच्या जिभेवर खिडकी आली आणि तिथेच अडली. "मी बघितलंय."

"अगं, आता आकडा हवा तसा आलाय. तुला हवी होती ना सुट्टी? मग त्याच्या शेपटीला रडारड कशाला बांधतेस? तीन महिने जाऊ देत. मग रडणं थांबेल."

तीन महिने. आणि मग? मग बायका पुन्हा मागच्या गल्लीत जातील, आणि कुणीतरी पुन्हा दारात मोजायला बसेल, आणि पुन्हा सात टक्के. आकड्याला कारण सांगता येत नव्हतं. तिला कारण ठाऊक होतं तर बोलता येत नव्हतं. आणि दोघांच्या मधे तो मुलगा लोंबकळत होता. तिने पर्स उचलली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, ते खोटंही नव्हतं.

घरी नेहमीपेक्षा कितीतरी लवकर पोचली. घर तळमजल्यावर होतं, स्वयंपाकघराची खिडकी येण्याच्या वाटेवर. किल्ली हातात होती. पण आतून मिरीचा आवाज आला आणि तिची पावलं आपोआप खिडकीकडे वळली. कुंडीच्या कठड्यावर एक पाय ठेवून तिने आत पाहिलं.

सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या. मिरी जमिनीवर बसून जाळीतले चमचे एकेक करून फडक्याने पुसत होती आणि ओळीने निजवत होती. "झोप बाळा," ती एका चमच्याला सांगत होती. "आई जाऊन येते हं. रडू नकोस. आई येतेच." मग तिने आजीच्या पायावरची सरकलेली शाल हळूच वर ओढली, नीट बसली का ते पाहिलं, आणि तोंडावर बोट ठेवून चमच्यांना गप्प केलं. ही मिरी तिने कधी पाहिली नव्हती. ती घरात असताना ही मिरी घरात नसायची.

किल्ली मुठीत गरम होत गेली. आत जावं, उचलून घ्यावं, असं अंगात येत होतं, आणि पाय कठड्यावरून निघत नव्हता. किती वेळ गेला तिला कळलं नाही.

एक चमचा ओळीतून घरंगळला. तो उचलायला मिरी वळली आणि तिची नजर वर गेली. क्षणभर तिचा चेहरा फुलला. मग ती उठून खिडकीपाशी आली, चवड्यांवर उभी राहिली आणि गजांमधून आईकडे पाहू लागली.

"तू कधी आलीस?"

"आत्ताच."

"नाही. तुझ्या गालावर गजाची रेघ उमटलीय." मिरीने बोट बाहेर काढून ती रेघ चाचपली. "आई, तू इथेच होतीस, तर आत का नाही आलीस?"